गंजलेली गाडी रंगवायची तर आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा

दसऱ्याच्या तोंडावर बेळगावातल्या कुठल्याही पेंटरकडे जा, खंडेनवमीच्या पूजेला गाडी नवी दिसायला पाहिजे म्हणून रांग लागलेली असते. बाहेर हस्ताचा पाऊस आणि आत सगळ्यांची घाई. अशा वेळी रंगवलेली गाडी पूजेच्या फोटोत छान दिसते, पण पुढच्या श्रावणात दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगे धरतात. फुगा नखानं फोडला की आतून तांबडं पाणी येतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की खंडेनवमीला गाडी स्वच्छ धुवा, झेंडूचा हार घाला, मनोभावे पूजा करा. रंगकाम मात्र दिवाळीनंतर काढा.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये फिटर आहे. घरी २००७ ची पांढरी ओम्नी आहे, केए-२२ पासिंगची. जांबोटीकडच्या शेतावर खत न्यायचं, माघारी येताना भाजी आणायची, चोर्ल्यातून गोव्याला पाहुण्यांकडे जायचं, सगळं तिच्यावरच. तिचा गंज मी स्वतः काढला आणि शेवटचा रंग पेंटरकडून मारून घेतला. हीच वाटणी मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सुचवतो. पेंटरला पैसे मिळतात ते चकाकीचे. दाराच्या आतल्या घडीत बोट घालून तो दिवसभर माती खरवडत बसला तर त्या दिवसाची मजुरी त्याला कोण देणार? ते काम मालकानंच करावं. त्याला कला लागत नाही, चिकाटी लागते.

आपल्याकडे गाड्या का सडतात

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळलं की वेग कितीतरी वाढतो. आपल्याकडे हे सगळं जमून येतं. खानापूरचा पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट, इथं पावसाळाभर पत्रा वाळतच नाही. तांबडी माती चाकाच्या कमानीत आतल्या ओठावर जाऊन बसते, वरून वाळल्यासारखी दिसते आणि आतून ओलीच राहते. गोव्याला गाडी समुद्राकाठी उभी केली की खारी हवा लागते. निपाणी-चिकोडीकडे पाऊस खानापूरपेक्षा खूपच कमी, तरी तिकडच्या गाड्यांचेही फ्लोअर सडलेले दिसतात. त्याला बहुतेक वेळा खत कारण असतं. पोटॅश म्हणून जे लाल-पांढरं खत आपण टाकतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार. फाटक्या पोत्यातून सांडलेले चार दाणे मॅटखाली गेले, त्यावर ओले पाय पडले, की पत्रा सडायला सुरुवात झाली. सुक्या मासळीची पिशवी डिकीत घरंगळली तरी तेच. खत न्यायचं असेल तर खाली जाड ताडपत्री अंथरा आणि घरी आल्यावर फ्लोअर झाडून ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

गंज शोधायचा कसा

सीट, मॅट, मॅटखालचा फोम, दारांचे आतले पुठ्ठे सगळं बाहेर काढा. फोम दाबून बघा. पाणी निघालं तर खालचा पत्रा बघायच्या आधीच उत्तर मिळालं.

मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीनं पत्रा वाजवत जा. चांगला पत्रा टण्ण वाजतो. सडलेला बद्द वाजतो आणि मूठ किंचित आत गेल्यासारखी वाटते. संशय आला तिथं टोकानं दाबा. टोक आत गेलं तर जाऊ द्या, भोक तुम्ही पाडलं नाही, ते आधीपासून होतंच, वर फक्त रंग होता. दुसरी तपासणी लोहचुंबकाची. छोटं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं पकड सुटते तिथं खाली जाड पुट्टी आहे. जुनी गाडी विकत घेतानाही हे चुंबक खिशात असू द्या. रनिंग बोर्डच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) भोकात वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी फिरवलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

ओम्नीत बघायची ठिकाणं ठरलेली आहेत: छताच्या दोन्ही बाजूंची पन्हळ, पुढच्या काचेचं रबर, सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी, मागच्या दाराची खालची घडी आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. इतर गाड्यांत दारांच्या कडा, रनिंग बोर्ड, डिकीतली स्टेपनीची खोली आणि बॅटरीचा ट्रे.

आता पाण्याची वाट. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइप धरायचा. पाणी खालून सुरू करा आणि हळूहळू वर न्या. सुरुवातीलाच छतावर पाणी सोडलं तर सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही.

दाराच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. काचेच्या रबरातून थोडं पाणी दारात जातंच, गाडीची रचनाच तशी आहे. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. तांबडी माती आणि झाडाचा पाला त्यात अडकला की पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. खालच्या कडेला फुगा दिसतो तेव्हा आतलं काम कधीच झालेलं असतं. अशा फुग्यावर बाहेरून कितीही महाग रंग मारा, टिकणार नाही. सायकलची जुनी स्पोक घ्या, टोक वाकवा आणि प्रत्येक भोक मोकळं करा. आत पाणी ओतून बघा, धार लागली पाहिजे. रनिंग बोर्डलाही अशीच भोकं असतात.

काढायला सुरुवात

कामाला हवा कोरडी पाहिजे. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ. थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतं, म्हणून दहा वाजल्यानंतर, पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागला की हात घालावा. एका दिवसात जेवढा भाग उघडा कराल तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. उघडा पत्रा रात्रभर दवात राहिला तर सकाळी त्यावर तांबूस साय धरलेली असते. म्हणून एका वेळी एकच भाग: आज डावं मागचं दार, उद्या कमान.

डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, तोंडाला धुळीचा चांगला मास्क. ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशची एखादी तार तुटून उडाली तर डोळ्याला इजा होते, शॉपमध्ये हे आम्ही नेहमी बघतो.

आधी सैल पापुद्रे खरवडणीनं काढा. मग ग्राइंडरला रंग काढायची जाळीदार डिस्क लावा. ती रंग आणि गंज दोन्ही खाते, चांगला पत्रा फारसा खात नाही. बरेच जण फ्लॅप डिस्क (पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची) लावतात. ती जपून लावा. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो, दोनदा जोर दिला की कागद होतो आणि तापून वाकतोही. तारेचा ब्रश वरवर चकचकीत करतो, पण गंज खड्ड्यांत तसाच राहतो. उजेडात तिरपं बघा. पत्रा रुपेरी दिसेल आणि त्यात मिऱ्याच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके दिसतील. ते ठिपके म्हणजेच गंज. तिथूनच तो परत वर येतो.

त्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर मिळतं. ब्रशनं लावायचं, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं आणि तो पूर्ण वेळ ओलं ठेवायचं. मग तारेच्या छोट्या ब्रशनं घासून पाण्यानं धुवायचं आणि लगेच पुसून हेअर ड्रायरनं वाळवायचं. ठिपके हलके होईपर्यंत हे परत करा. ॲसिडचा अंश मागे राहिला तर वरचा प्रायमर नीट धरत नाही, म्हणून धुण्यात हयगय नको. दुसरा प्रकार रस्ट कन्व्हर्टरचा. तो गंजाला काळा, घट्ट थर बनवतो. फ्रेमच्या आत, जिथं घासायला हात जात नाही, तिथं तो ठीक. बाहेरच्या दिसणाऱ्या पत्र्यावर मी तो वापरत नाही. तिथं घासून स्वच्छ धातू काढलेलाच बरा.

चारी बाजूंना चांगला रंग लागेपर्यंत घासत जा. गंज रंगाखाली पसरतो, रुपयाएवढ्या फुग्याखाली तळहाताएवढा भाग निघू शकतो. त्याला भिऊन मधेच थांबू नका. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा उतरवा, मग १२०, मग १८०. डोळे मिटून बोट फिरवलं तर रंग कुठं संपला आणि पत्रा कुठं सुरू झाला ते कळायला नको.

भोक पडलं असेल तर

भोकावर पुट्टी भरू नका, एम-सील लावू नका, पत्र्याचा तुकडा पॉप रिव्हेटनं ठोकू नका. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीच्या सीआर शीटचा (बिनमुलाम्याच्या साध्या पत्र्याचा) तुकडा बसवायचा. जीआय शीट, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, स्वस्त मिळते, पण वेल्डिंग करताना तिच्या जस्ताचा धूर निघतो आणि तो फुफ्फुसाला वाईट. वेल्डिंग सीओटू मशीननंच (तार आपोआप पुढं येते त्या) करून घ्या. गॅसची ज्योत पातळ पत्रा लाटेसारखा वाकवते. सीओटूनंही सलग ओढायचं नाही: एक टाका इथं, दुसरा लांब तिथं, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. आमच्या शॉपमधल्या वेल्डरचा हात सुंदर चालतो, तरी गाडीच्या पत्र्यावर तोही असाच थांबत थांबत जातो.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. सीट, फोम, वायरिंग बाजूला करा. पेट्रोल टाकीजवळचं काम असेल तर टाकी उतरवल्याशिवाय हात लावू नका, गॅस किट असेल तर सिलिंडरही काढा. जवळ पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवा.

रनिंग बोर्ड, सीट बेल्टचा नटबोल्ट असलेली जागा, सस्पेन्शनची बैठक, जॅक लावायची जागा, ही ठिकाणं गाडीचा भार आणि माणसांचा जीव सांभाळतात. तिथं सड निघाली तर बॉडीकाम येणाऱ्या चांगल्या मिस्त्रीकडे जा आणि त्याला पूर्ण पैसे द्या.

प्रायमर आणि पुट्टी

उघड्या पत्र्यावर टू-पॅक, म्हणजे घट्ट करणारा हार्डनर वेगळा मिसळायचा, इपॉक्सी प्रायमर लावा. तो पाण्याला आडवा येतो आणि पत्र्याला घट्ट धरतो. डबा आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या मापानंच मिसळा, अंदाजानं नको. लावण्याआधी पत्रा सिलिकॉन काढायच्या सॉल्व्हंटनं पुसा. एका फडक्यानं लावा आणि वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या. त्यानंतर तिथं उघडं बोट लावू नका. बोटाच्या तेलानंही रंगात बारीक खड्डे पडतात.

गेटला मारतो तो रेड ऑक्साइड गाडीला मारायची सवय आपल्याकडे फार आहे. गेटला तो चांगला. पण त्यावर टू-पॅक रंगाचा जोरदार थिनर पडला की तो सुरकुततो. गाडीला तो लावू नये असं माझं ठाम मत आहे.

पत्र्यांच्या सांध्यांत प्रायमर वाळल्यावर सीम सीलर (सांधे बुजवायची पेस्ट) भरा. फक्त तळाची भोकं त्यात बुजवू नका, काम झाल्यावर परत स्पोक घालून बघा.

पुट्टी इपॉक्सीवर लावलेली चांगली, प्रायमरला आधी पॉलिश पेपरनं हलकं खरखरीत करून घ्या. हार्डनर वजनानं साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर पुढं त्याचा डाग वरच्या रंगात उमटतो. थर पातळ ठेवा, ठोकून सरळ करता येतं तेवढं आधी ठोकून घ्या. आणि पुट्टी पाण्यानं घासू नका. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, ते पाणी रंगाखाली अडकतं आणि तुमची सगळी मेहनत पहिल्या उन्हाळ्यात फुगते. कोरडीच घासा, लाकडी किंवा रबरी ब्लॉकवर पेपर गुंडाळून. नुसत्या हातानं घासलं तर बोटांच्या रेघा पडतात, त्या आत्ता दिसत नाहीत, चकाकी आल्यावर दिसतात.

इथपर्यंत घरी होतं. इपॉक्सी ब्रशनं लावला तरी चालतो, नंतर घासून सरळ करता येतो.

रंग पेंटरकडे का

टू-पॅक रंगाच्या आणि लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं की कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा अंगाला त्याची ॲलर्जी बसली की पुढं थोड्यानंही त्रास होतो. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. शहापूर-वडगावच्या गल्लीत, शेजाऱ्याच्या खिडकीखाली, अंगणात पोरं खेळत असताना हा फवारा मारायचा नाही. बूथ असलेल्या, तोंडाला नीट रेस्पिरेटर लावून काम करणाऱ्या पेंटरकडे द्या.

देण्याआधी बोलून घ्यायच्या गोष्टी आहेत. दारांची हँडलं, दिवे, बीडिंग काढूनच रंगवणार का? टेप लावून रंगवलं की कडेला रंगाची धार राहते आणि पुढं तिथूनच पापुद्रा सुटतो. तुमच्या इपॉक्सीवर तो कोणता सरफेसर (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) मारणार? सरफेसर कशानं घासणार? साध्या रंगाला ४०० ते ६०० नंबर, मेटॅलिकला ६०० किंवा त्याहून बारीक, कारण मेटॅलिक रेघ लपवत नाही, उलट दाखवतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडतो का आणि पाइपला पाण्याचा फिल्टर आहे का, हेही बिनधास्त विचारा. चांगल्या पेंटरला असे प्रश्न आवडतात, तो तुम्हाला चहा पाजून सगळं दाखवतो.

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर. मारुतीच्या सुपीरियर व्हाइटचा २६यू. पण जुन्या गाडीचा रंग उन्हानं उतरलेला असतो, म्हणून कोडवर बनवलेला रंग आधी एका पत्र्यावर मारून, वाळवून, गाडीशेजारी उन्हात धरून बघायचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर वेगळा दिसतो. साध्या पांढऱ्याला टू-पॅक पीयू (पॉलीयुरेथेन) रंग एकाच टप्प्यात चालतो, वर लॅकर लागत नाही. मेटॅलिकला बेस आणि त्यावर लॅकर, आणि रंग शेजारच्या पत्र्यात थोडा उतरवत न्यावा लागतो, नाहीतर दार वेगळं आणि फेंडर वेगळा दिसतो. त्याचे पैसे जास्त होतात, ते बरोबर आहेत.

मूळचाच रंग ठेवा. आरसीवर रंगाची नोंद असते. दुसरा रंग द्यायचा झाला तर आधी आरटीओकडून ती नोंद बदलून घ्यावी लागते, विमा कंपनीलाही कळवावं लागतं. गाडीला १५ वर्षं झाली की आरसी नव्यानं करायला गाडी दाखवावी लागते, ती पुढं ५ वर्षं चालते. ते जवळ आलं असेल तर सडीचं काम त्याआधी उरका. आणि नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची लॉक काढली की तुटतात, परत बसत नाहीत. त्यामुळं पेंटरला प्लेट काढू नको, नीट झाकून घे म्हणून सांगा.

रंगानंतर

रंग पूर्ण वाळल्यावर दारांच्या आत, रनिंग बोर्डमध्ये, मागच्या दाराच्या घडीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारा. लांब नळीचा स्प्रे येतो, तो तळाच्या भोकांतून आत घालून फिरवायचा. माझ्या मते सगळ्या कामात गाडीचं आयुष्य सर्वांत जास्त वाढवणारी गोष्ट हीच, आणि गॅरेजमध्ये ती मागितल्याशिवाय कुणी करत नाही. खालून काळं रबरी कोटिंग मारायचं असेल तर फक्त स्वच्छ, प्रायमर लावलेल्या पत्र्यावर. गंजावर मारलं तर ते ओल आत कोंडून ठेवतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. गावाकडं गाडीखाली जळकं ऑइल मारतात. त्यानं पत्रा थोडा वाचतो, पण रबरी बुश फुगतात, पुढं तिथं कुठलाच रंग धरत नाही, आणि पहिल्या पावसात ते ऑइल आपल्याच शेतात उतरतं.

निदान पहिला महिना बाहेरून पॉलिश किंवा वॅक्स नको, रंगातला थिनर बाहेर पडू द्या. साध्या पाण्यानं धुवा. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गाडी गुंडाळून ठेवू नका, आत वाफ धरते. घाटातून आल्यावर चाकांच्या कमानीत आतल्या ओठावर पाइप धरा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडू नका. दगड लागून टवका उडाला तर लगेच टचअप लावा, पावसाळ्यात तेवढ्या टवक्यातून गंज रंगाखाली सरकतो. दरवर्षी मृग लागायच्या आधी स्पोक घेऊन सगळी भोकं एकदा मोकळी करा आणि कॅव्हिटी वॅक्सचा हलका हात परत फिरवा.